पहिली चाल मोठ्यांची

कूलरच्या ताट्या बदलल्या की मला राग येतो. हसायचं त्यानं हसावं. अमरावतीत चैत्र संपत आला की गल्लोगल्ली कूलर बाहेर निघतात, जुन्या ताट्या उकिरड्यावर जातात, नव्या ताट्यांवर पहिलं पाणी पडतं आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरतो. बाकीच्यांना त्या वासानं बरं वाटतं. मला एक हॉल आठवतो, एक पट आठवतो आणि मांडीवर ठेवलेले माझे दोन रिकामे हात आठवतात. मग दिवसभर मी भांडी आपटते. घरच्यांना आता सवय झाली आहे. मुलं म्हणतात, आईला उन्हाळा लागला.

यंदा ताट्या पुरत्या भिजायच्या आत अकोल्याहून फोन आला. मी इथल्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि मुलींचा बुद्धिबळाचा संघ घेऊन गावोगाव हिंडते, त्यामुळे असे फोन येत असतात.

"मॅडम, आमच्या वकीलसाहेबांच्या नावानं स्पर्धा भरवून राहिलो जी. बुद्धिबळाची. तुमी अकोल्याच्याच ना? मंग उद्घाटन तुमच्याच हातानं झालं पाह्यजे."

"उद्घाटन म्हणजे काय करायचं?"

"काहीच नाही. पयल्या टेबलावर पयली चाल कराची, फोटो काढाचा, शाल-श्रीफळ घ्याचं. भाषनाची झंझट नाही."

वकीलसाहेब गेल्या वर्षी वारले, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या नावानं पहिली चाल, आणि तीही माझ्या हातानं! तळपायाची आग मस्तकात गेली. दुसरं कोणी असतं तर फोन आपटला असता. मी हो म्हटलं. रागानं हो म्हटलं. भाषण नको म्हणत होते ना, मग मी भाषणच करणार होते. त्यांच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून, माझ्या चौदाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्या माणसानं काय केलं, ते माइकवरून सांगणार होते. मला एवढी वर्षं एवढंच हवं होतं. त्या दिवशी काय झालं ते कोणीतरी, एकदा, मोठ्यानं म्हणावं. कोणी म्हणत नाही तर मी म्हणेन.

अकोल्याला आमच्या घरापुढे लांबट ओटा होता. बाबा सरकारी नोकरीत होते. ऑफिसातून आले की हातपाय धुवायचे, ओट्यावर पाणी मारायचे, सतरंजी टाकायचे आणि पट मांडायचे. तापलेल्या फरशीवर पाणी पडलं की वाफ यायची, पाय चटचटायचे. समोरच्या निंबाखाली सायकली लागायच्या. मग वकीलकाका यायचे. सारा मोहल्ला त्यांना वकीलसाहेब म्हणायचा, आम्ही पोरं काका म्हणायचो. वयानं बाबांपेक्षा मोठे, अंगानं मोठे, आवाजानंही मोठे. खांद्यावर पांढरा दुपट्टा, गालात सुपारी. ते बसले की सतरंजीचा अर्धा भाग त्यांचा आणि उरलेला बाकीच्यांचा.

आमच्या ओट्यावर एक रीत होती. पांढरी सोंगटी कोणाकडे, काळी कोणाकडे, याला काही अर्थ नव्हता. पहिली चाल मोठ्याची. दोघांत जो वयानं मोठा, तो आधी खेळणार. लहानानं हात मांडीवर ठेवून वाट बघायची. पाहुणा आला तर पाहुण्याची. जावई आला तर जावयाची, मग तो वयानं कितीही लहान असो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, तरी चुकून कोणा लहानानं आधी प्यादं उचललं, तर चार जण एकदम म्हणायचे, "अरे, मोठे बसले ना समोर!"

मी त्या ओट्यावर बुद्धिबळ शिकले. कोणी बसवून शिकवलं नाही. चहाचे कप आणता-नेता बघून बघून शिकले आणि एका सुट्टीत बाबांनी सहज समोर बसवलं, तर त्यांना घाम फोडला. मग रोजच बसू लागले. मोठी माणसं मला हसत हसत घ्यायची आणि हरली की त्यांना एकदम घरचं काम आठवायचं. वकीलकाकांनाही मी हरवलं होतं. ते हरल्यावर सोंगट्या हातानं गोळा करून टाकायचे आणि म्हणायचे, "पोट्टी हुशार आहे." ते "पोट्टी" अशा सुरात म्हणायचे, की शाबासकी कुठली आणि टोमणा कुठला, ते कळू नये.

पण मी त्या ओट्यावर सगळ्यांत लहान. त्यामुळे इतके डाव खेळूनही पहिली चाल मी एकदाही केली नव्हती. कायम दुसरी. समोरच्यानं काय केलं त्याला उत्तर द्यायचं, एवढंच मला येत होतं. उत्तरं माझी चांगली होती. पण कोणी विचारलं असतं, "पोरी, तुझी आवडती पहिली चाल कोणती," तर मला सांगता आलं नसतं. पाटी कोरी होती. आज मी शिकवायला बसते तेव्हा पोरांना सगळ्यांत आधी हेच विचारते, आणि दहापैकी आठ पोरं क्लासच्या सरांची चाल सांगतात. राजापुढचं प्यादं, दोन घरं. का, म्हटलं तर, "सर म्हणतात." मला तेव्हाही राग येतो. अरे, उत्तर सरांचं घ्या, बचाव सरांचा घ्या, पण निदान सुरुवात तरी तुमची असू द्या. पट रिकामा असतो, समोरून कोणी काही केलेलं नसतं, कशाला उत्तर द्यायचं नसतं. साऱ्या डावात असा क्षण एकदाच येतो. तोही दुसऱ्याला देऊन टाकायचा?

तर तो उन्हाळा. अमरावतीला विभागाची खुली स्पर्धा होती. लहानथोर, बाया-माणसं सगळी एकत्र. पहिले चार जण पुण्याला, राज्याच्या स्पर्धेला जाणार. बाबांनी माझं नाव दिलं. ते मोठं धाडस होतं, हे मी आज रागातही कबूल करते. आईनं माझ्या दप्तरात कांदा टाकला, ऊन लागू नये म्हणून. गाडीत त्या कांद्याचा वास येत राहिला आणि मी लाजत राहिले.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. लग्नाची झिरमिळी अजून छताला लटकत होती. कोपऱ्याकोपऱ्यात मोठे कूलर लावलेले, त्यांच्या ताट्या नव्या कोऱ्या, सगळ्या हॉलभर वाळ्याचा वास आणि कूलरचा घरघराट. प्रत्येक पटाशेजारी दोन तोंडांचं लाकडी घड्याळ. ज्याची पाळी, त्याचं तोंड चालतं. वेळ संपली की छोटी तांबडी पट्टी खाली पडते आणि डाव गेला, मग पटावर तुमचं कितीही चांगलं असो. पांढऱ्यानं आधी खेळायचं, हे पंचांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मलाही ते ठाऊक होतंच. नियम माहीत नव्हता असं अजिबात नाही.

पांढरी सोंगटी आली की माझी पंचाईत व्हायची. पहिली चाल कोणती करू? मग मी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारच्या पटावर बघायची. तिथल्यानं जे केलं तेच करायची. एकदा शेजारचा घोडा काढून बसला, मी घोडा काढला. एकदा त्यानं वजिरापुढचं प्यादं सारलं, मी तेच सारलं. पुढचं मग मला जमायचं. असं करत करत मी शेवटच्या फेरीपर्यंत आले. शेवटचा डाव जिंकला की पुणे. बाबा भिंतीजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. ते इतके खूश मला कधी दिसले नव्हते.

शेवटच्या फेरीत माझ्यासमोर वकीलकाका आले.

तेही खेळायला आले होते. त्यांनाही तो डाव हवा होता, जिंकले तर तेही चौघांत बसणार होते. ते खुर्चीत बसले, खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी करून घड्याळाला टेकवून ठेवला. घड्याळाचं माझ्या बाजूचं तोंड त्याआड गेलं. मुद्दाम ठेवला की सहज, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवता येत नाही याचाही राग येतो. पांढरी सोंगटी माझ्याकडे होती. पंचांनी हाताची टाळी वाजवून "सुरू" म्हटलं. आणि माझा हात उचलेना.

समोर काका होते. समोर ओटा होता. सुपारीचा वास होता. तोंडातून आपोआप निघालं, "काका, पयली चाल तुमची."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग पटाकडे पाहिलं. म्हणाले, "हाव हाव. बस."

आणि त्यांनी हनुवटीखाली हात घेतला. ओट्यावर ते असेच विचार करायचे, पहिल्या चालीलाही भरपूर वेळ लावायचे, सुपारी या गालातून त्या गालात फिरवायचे. मोठा माणूस विचार करतो आहे म्हटल्यावर आपण कशाला घाई करायची? मी मांडीवर हात ठेवून बसले. कूलर घरघरत होता. आजूबाजूला सोंगट्या आपटल्याचे आवाज येत होते. मी झिरमिळी बघितली, काकांच्या मनगटावरचं सोन्याचं घड्याळ बघितलं, बाबांकडे बघितलं. बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांचा चेहरा कसासाच झाला होता. मला वाटलं, ते काकांना घाबरून माझ्यासाठी देवाचा धावा करत असतील.

माझं घड्याळ चालत होतं. काकांचं नव्हे, माझं.

शेजारच्या पटावरचा एक डाव संपला, तिथला माणूस उठून जाता जाता आमच्या पटाशी थबकला, घशात खाकरला आणि पुढे गेला. तेव्हा काकांनी दुपट्टा उचलून मांडीवर घेतला आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "अवं, पांढरे तुयाजवळ आहेत ना बाई. मी कायले चाल करू?"

मी घड्याळ पाहिलं. माझा बहुतेक सारा वेळ वाहून गेला होता.

त्यानंतर मी जो डाव खेळले तसा पुन्हा खेळले नाही. चाली बरोबर पडत होत्या. काकांचा एक हत्ती गेला, मग एक उंट गेला, त्यांचा राजा कोपऱ्यात अडकला. अजून दोन-तीन चालींत मात होती. मी वजीर उचलला, तेवढ्यात तांबडी पट्टी पडली. काकांनी लगेच बोट दाखवलं. "टाइम." पंच आले, घड्याळ बघितलं, मान हलवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. तक्रार कशाची करणार? मीच म्हटलं होतं ना, पहिली चाल तुमची.

माझा राग इथे संपत नाही. जे झालं त्याच्यापेक्षा नंतरचं जास्त आठवतं. काका उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आजकालच्या पोट्ट्यायले मोठ्याचा मान कुठं राह्यला? हे पोरगी पाहा. लय संस्कारी आहे." लोकांनी माना डोलावल्या. एका बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. संस्कारी! माझा खिसा कापायचा आणि वर शिलाई किती छान आहे म्हणायचं. हा शब्द आजही माझ्यासमोर कोणी उच्चारला की मी विषय बदलते, नाहीतर माझ्या तोंडून काहीतरी निघेल.

परत जाताना काकांनी बाबांना आपल्या गाडीत बसवलं. "एसटीनं कायले जाता? चला ना." आणि बाबा बसले. काकांच्या शेजारी, पुढे. मी मागे, कांद्याच्या दप्तरासोबत. उन्हाच्या झळा खिडकीतून येत होत्या, दोन्ही बाजूंची काळी रानं नांगरून तापत पडली होती, पुढे काका दुसऱ्याच कुठल्या डावाबद्दल बोलत होते आणि बाबा "हाव, हाव" करत होते. मूर्तिजापूरला त्यांनी रसवंतीपाशी गाडी थांबवली. घुंगरांचा आवाज, उसाचा वास, ग्लासात तरंगणारा बर्फ. "पोरीले मोठा गिलास द्या," काका म्हणाले. मला तो रस प्यायचा नव्हता. मी ग्लास हातात धरून उभी राहिले. बाबा हळूच म्हणाले, "पी. मोठ्यायनं देल्लं तं नाही म्हनू नये."

मी प्यायले. गोड होता. त्या गोडाचा मला इतका राग आला की घरी येऊन मोरीत उलटी केली.

घरी बाबा आईला एवढंच म्हणाले, "हरली. पन चांगली खेळली." त्यांनी मला विचारलं नाही, मी त्यांना विचारलं नाही. त्यांना दिसलं होतं का? खुर्ची समोरच होती. डोळे तेव्हा चांगले होते. स्पर्धेत बघणाऱ्यानं बोलायचं नसतं, हा नियम आहे. पण नियम मोडून एक वाक्य बोलता आलं असतं. पंचांना खूण करता आली असती. निदान खोकता आलं असतं, एक परका माणूस खोकलाच ना! काका पुण्याला गेले आणि सगळे डाव हरून परत आले. ओट्यावर पुन्हा सतरंजी पडली. बाबांनी त्यांना पहिला चहा दिला.

त्या सुट्टीत पुढे काय झालं, ते दिवसांच्या क्रमानं आठवत नाही. गच्चीवर आई कुरडया घालत होती आणि मी कावळे हाकायला बसले होते, हे आठवतं. ओल्या चिकाचा आंबूस वास आठवतो. आंब्याच्या रसात बुडवलेले, शेवयांसारखे सरगुंडे आठवतात आणि ते घशाखाली उतरत नव्हते, हेही आठवतं. मी गच्चीच्या सावलीत एकटीच पट मांडायची. दोन्ही बाजू माझ्या. कोणी मोठं नाही, कोणी लहान नाही. आणि मी आवडती पहिली चाल शोधत होते.

आधी सगळ्या शहाण्या चाली करून बघितल्या. त्या सगळ्या मी कोणाकडून तरी ढापलेल्या होत्या. मग एका दुपारी, रागाच्या भरात, राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं पुढे आपटलं. बुद्धिबळ जाणणारा कोणीही सांगेल की याच्यापेक्षा वाईट पहिली चाल शोधून सापडायची नाही. राजाची बाजू उघडी पडते, प्यादं एकटं पडतं, मागे काही आधार नाही. मुद्दाम कोणाच्या तोंडावर दार आपटावं तशी ती चाल आहे. मी तिच्याकडे बघत बसले आणि पहिल्यांदा मला बरं वाटलं. ओट्यावरच्या एकाही माणसानं ही चाल कधी केली नव्हती. शेजारच्या पटावर बघून ती मला मिळाली नव्हती. ती उद्धट होती आणि माझी होती.

आई कुरडयांवर फडकं टाकायला आली तेव्हा तिनं विचारलं, "एकलीच खेळून राहिली? बाबासंगं नाही खेळत?"

"नाही."

"काहून?"

"त्यायची चाल पयली असते."

आईनं पटाकडे बघितलं. तिला खेळता येत नव्हतं. म्हणाली, "माहीबी नसते बाप्पा पयली चाल कुठंच," आणि खाली पोळ्या करायला गेली. त्या वेळी मला ते नुसतं बोलणं वाटलं. आई वारल्यावर कधीतरी स्वयंपाक करताना ते वाक्य एकदम आठवलं आणि गॅस बंद करून मी खाली बसले.

त्या उन्हाळ्यानंतर मी बाबांसोबत पट मांडला नाही. पुढल्या वर्षी दहावी होती, ते कारण सगळ्यांना पटलं. मग कॉलेज, मग लग्न, मग अमरावती. सुट्टीत अकोल्याला गेले की बाबा पट काढून ठेवायचे आणि मी कामाला लागायचे. ते काही म्हणायचे नाहीत. मीही नाही. आमच्या घरात मान ठेवायची रीत फार चांगली जपलेली आहे.

मोबाइलवर मात्र खेळते. समोर कोण आहे कळत नाही, वय कळत नाही, काका आहे की भाचा आहे ते कळत नाही. पांढरी सोंगटी आली की ते प्यादं दोन घरं पुढे. पुष्कळदा हरते. माझ्या संघातल्या पोरी हसतात, "मॅडम, तुम्ही आम्हाला ही चाल करू देत नाही आणि स्वतः करता!" मी म्हणते, तुम्ही तुमची शोधा. त्याही पोरी, खरं सांगते, हुशार असून दारातून जाताना थांबतात आणि म्हणतात, "आधी तुम्ही, मॅडम." मला कसंतरी होतं. मला मान नको आहे असं नाही. पण मान म्हणून जे घेतलं जातं त्यातलं किती चोरीचं असतं, हे मी त्या दिवशी पाहिलं आहे.

तर यंदाच्या मे महिन्यात मी अकोल्याला गेले. भाषण पाठ करून गेले. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, काठी लागते, कान गेले आहेत, पण "वकीलसाहेबांच्या स्पर्धेले मीबी येतो" म्हणाले. मनात म्हटलं, या. ऐका तुम्हीही.

हॉल दुसरा, गाव दुसरं, पण कूलर तेच आणि वासही तोच. समोर काकांचा मोठा फोटो, त्याला चंदनाचा हार. एकामागून एक लोक उठले आणि बोलले. वकीलसाहेबांची खेळाडूवृत्ती. वकीलसाहेबांचं नव्या पिढीवरचं प्रेम. लहान मुलींनाही ते कसं आपल्यासोबत खेळवून घेत! मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. आता माझी पाळी, म्हणून मी उठले, तर संयोजक कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, उशीर होऊन राहिला. भाषन राहू द्या. तुमी फक्त चाल करा."

मला हसू आलं. रागानं हसू येतं तसं.

पहिल्या टेबलावर एक मुलगी बसली होती. बारा-तेरा वर्षांची, केसांना तेल, शाळेचा गणवेश. पांढरी सोंगटी तिच्याकडे. समोर काळी सोंगटी घेऊन चष्म्यातला एक पोक्त माणूस. पंचांनी माइकवरून "घड्याळं सुरू करा" म्हटलं आणि हॉलभर सगळ्या पटांवर टकटक सुरू झालं. पहिल्या टेबलावरही. आता लाकडी घड्याळं नाहीत, आकडे असतात, ते डोळ्यांदेखत कमी होत जातात.

"मॅडम, प्यादं धरून ठेवा," फोटोवाला म्हणाला. "अध्यक्षसाहेब गाडीतून उतरून राहिले. ते आले की घेऊ."

मी प्यादं धरलं होतं. तिचं प्यादं. आकडे कमी होत होते. तिचे आकडे. तिचे हात मांडीवर होते.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "बेटा, तुझी चाल तू कर."

ती गडबडली. आजूबाजूला बघितलं आणि अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "नाही मॅडम, आधी तुमी. मोठे आहात ना."

माझं पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं. एवढी वर्षं ज्याला धार लावून ठेवली होती, ते तोंड माझंच उघडेना. मी तिच्या हातांकडे बघत उभी राहिले. चष्म्यातला माणूस पटाकडे बघत स्वस्थ बसला होता.

आणि मागून, भिंतीजवळच्या खुर्चीतून, कोणीतरी ओरडलं.

"अवं पोरी! तुह्यं घड्याळ चालू आहे!"

सगळा हॉल वळला. बाबा काठीवर उभे होते. कानानं ऐकू येत नसल्यामुळे त्यांचा आवाज फार मोठा निघाला होता. "तुह्यं घड्याळ चालू आहे, बाई! कोनाची वाट नको पाहू! खेळ!"

"आजोबा, बसा. बोलाचं नसते," पंच धावत गेले. बाबा बसले नाहीत. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या मुलीकडेही नाही. ते काकांच्या फोटोकडे बघत होते.

मुलीनं घड्याळ पाहिलं. घोडा उचलला, शेजारच्या पटाकडे न बघता ठेवला आणि बटण दाबलं. साहेब आले तेव्हा फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

रिक्षात मी तोंड फिरवून बसले. रडत होते आणि चिडलेही होते. म्हणजे दिसलं होतं. त्या दिवशी सगळं दिसलं होतं! बैल गेला आणि झोपा केला. घराच्या वळणावर मला राहवलं नाही. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडले, "तवा काहून नाही बोलले?"

बाबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "तवा तो जित्ता होता, पोरी."

मी त्यांना माफ केलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. घरी आल्यावर त्यांनी सवयीप्रमाणे पट काढून ठेवला आणि मी, इतक्या वर्षांनी, समोर बसले. त्यांनी सोंगट्या लावल्या. त्यांचा हात सवयीनं पुढे आला.

मी थांबले नाही. राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं.

"हे कोनती चाल?" बाबा म्हणाले.

"माही," मी म्हटलं. "आता तुमची पाळी."